मंकी आयलंड गेममध्ये अडकलोय, वॉकथ्रू (गेमची तयार उत्तरं) बघू का?

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'मध्ये तलवारबाजीत सारखं हरतोय, असं तुम्ही लिहिलंय. क्लिक कितीही भराभर केलंत तरी हरालच, कारण १९९० सालच्या या गेममध्ये तलवार नावालाच आहे. खरी झुंज जिभेची, आपल्या कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबासारखी. समोरचा समुद्री चाचा म्हणणार, 'तू गवळ्यासारखा लढतोस.' त्यावरचं उत्तर: 'शोभतंय, तू गाईसारखा लढतोस.'

हे उत्तर येत नसेल तर खुशाल हरा. त्याचा टोमणा तुमच्या यादीत जमा होतो. मग तोच पुढच्या चाच्याला मारायचा आणि तो काय उलटून बोलतो ते उचलायचं. मी रविवारची अख्खी दुपार रस्त्यावरच्या चाच्यांकडून अपमान करून घेण्यात घालवली होती. एवढं करून तलवारबाजीत उस्ताद असलेल्या कार्लासमोर गेलो, तर बाई वेगळेच टोमणे मारते! उत्तरं मात्र जुनीच बसवायची असतात. तिथे वॉकथ्रू बघितलात तर सगळी गंमतच गेली.

बाकी कोडी सोडवताना घाबरू नका. गेमचा कर्ता रॉन गिल्बर्ट, त्याने गेम असा बांधलाय की आपला नायक गायब्रश जवळजवळ कशानेच मरत नाही. मधोमध कप्पी बसवलेली रबरी कोंबडीसुद्धा कामाची निघते. (मरायचंच असेल तर एक सोय आहे. तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. पाण्याखाली खरोखर दहा मिनिटं नुसते बसून राहा.) त्या पाण्याखालच्या कोड्यात गायब्रशला एका मूर्तीला बांधलेलं असतं, आजूबाजूला धारदार हत्यारं दिसतात आणि एकाही हत्यारापर्यंत हात पोचत नाही. मूर्ती उचलून चालू लागा, सुटलात.

दुसऱ्या भागात, म्हणजे १९९१ च्या 'लेचक्स रिव्हेंज'मध्ये, एका जागी मात्र बिनधास्त उत्तर बघा. धबधब्याचा पंप बंद करायचा असतो आणि त्यासाठी बारमधलं पियानो वाजवणारं माकड लागतं. मेट्रोनोमवर (ताल धरणाऱ्या लंबकाच्या यंत्रावर) केळं ठेवून त्याला संमोहित करायचं, उचलायचं आणि पान्यासारखं फिरवायचं. का, तर इंग्रजीत एका पान्याचं नाव मंकी रेंच. आपला प्लंबर त्याला नुसता पाना म्हणतो, त्यात माकड कुठून सुचणार?

मी तीन दिवस ते माकड कोटात घेऊन बेटाबेटांवर हिंडत होतो.