ऑंटारिओतील माध्यमिक शाळा : सरकारी, कॅथलिक की खासगी?

प्रश्न : आम्ही कामाच्या परवान्यावर कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातील मिसिसागा येथे राहतो. मुलगी सप्टेंबरमध्ये नववीत जाईल. घराजवळच्या सरकारी शाळेत शुल्क नाही; परंतु विद्यापीठ प्रवेशासाठी खासगी शाळाच हवी, असे परिचित सांगतात. जवळ एक कॅथलिक शाळाही आहे. ती खासगी समजायची का? आम्ही ख्रिस्ती नाही.

उत्तर : नाही, ती खासगी नव्हे. ऑंटारिओत इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक अशा चारही व्यवस्था सरकारी खर्चाने चालतात. कॅथलिक शाळांच्या या हक्काचे मूळ १८६७च्या संविधानातील ९३व्या कलमात आहे. माध्यमिक स्तरावर या शाळेत इतर धर्मांच्या मुलांनाही प्रवेश मिळतो आणि पालकांनी लेखी अर्ज केल्यास धर्मशिक्षणाच्या तासांतून सूट मिळू शकते.

खासगी शाळांचा प्रश्न मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण ‘खासगी’ या शब्दावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो. तेथे अनुदानित खासगी शाळा हा प्रकारच नाही. इतर धर्मांच्या शाळांना अनुदान द्यायला सरकार बांधील नाही, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. कायद्याच्या व्याख्येनुसार सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील किमान पाच मुले शाळेच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत जेथे शिकतात, ती खासगी शाळा ठरू शकते. त्यामुळे १८२९ मध्ये स्थापन झालेले टोरंटोचे अपर कॅनडा कॉलेज आणि दुकानांच्या माळ्यावरील दोन खोल्यांची शाळा या दोहोंचे कायद्यातील नाव एकच असते. खासगी शाळेतील शिक्षकांना ऑंटारिओच्या शिक्षक महाविद्यालयाचे, म्हणजे शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचे, प्रमाणपत्र असणे बंधनकारक नाही. शिक्षण मंत्रालय तपासणी करते, ती फक्त माध्यमिक पदविकेची (बारावीअखेर मिळणाऱ्या प्रमाणपत्राची) क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक, देऊ इच्छिणाऱ्या शाळांची.

सरकारी शाळा आणि क्रेडिट्स देणारी खासगी शाळा, दोन्हीकडे पदविका एकच असते. तिच्यासाठी ३० क्रेडिट्स लागतात, प्रत्येक क्रेडिट साधारणपणे ११० तासांचे असते आणि त्याशिवाय ४० तासांची समाजसेवा व साक्षरता चाचणी असते. विद्यापीठे सामान्यतः बारावीच्या ‘यू’ (विद्यापीठाची तयारी) आणि ‘एम’ (विद्यापीठ किंवा महाविद्यालयाची तयारी) प्रकारच्या सहा उत्कृष्ट विषयांचे गुण पाहतात, म्हणून खासगी शाळेशिवाय प्रवेश नाही, या समजुतीला आधार नाही. लहान वर्ग, वसतिगृह किंवा एखाद्या मुलाची विशेष गरज ही खासगी शाळा निवडण्याची रास्त कारणे आहेत. केवळ शिष्टांच्या यादीत आपले नाव असावे, हे कारण माझ्या मते पुरेसे नाही.

तुमच्या परिस्थितीत घराजवळची सरकारी शाळाच योग्य वाटते. परवाना, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या इयत्तांची गुणपत्रके घेऊन शाळा मंडळाकडे लवकर नोंदणी करावी. तरीही खासगी शाळेचा विचार कायम राहिला, तर क्रेडिट देण्याचा अधिकार असलेल्या शाळांच्या मंत्रालयाच्या यादीत तिचे नाव स्वतः तपासावे आणि शिक्षकांची पात्रता व मध्येच शाळा सोडल्यास शुल्क परत मिळण्याचे नियम लेखी घेतल्याशिवाय एक डॉलरही भरू नये.