वाद्यं नसताना ‘किंग्ज सिंगर्स’ या ब्रिटिश गायकगटातले सहा जण बेसूर कसे होत नाहीत?

वाद्यांशिवाय गाणाऱ्या कुठल्याही गटाचा सूर लांबलचक गाण्यात थोडा घसरू शकतो. पण सगळे एकत्र घसरले तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही!

खरी गंमत गंधाराची. पियानोवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). पियानोच नसल्यामुळे गंधार गाणारा तो किंचित उतरवून घेतो. तसं केलं की सुरांमधली बारीक थरथर थांबते आणि सहा गळे एकजीव वाटतात. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार तो हाच. फक्त इथे मागे तानपुरा नाही, त्यामुळे प्रत्येकाचा एक कान सतत खालच्या बेस आवाजाकडे असतो. श्वासही एकत्र घ्यावा लागतो, कारण समोर हात हलवणारा कंडक्टर नसतो.

हा गट केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून निघाला आणि १९६८ पासून गातोय. माणसं बदलत गेली, मांडणी तीच: दोन काउंटरटेनर (पुरुषांचा सगळ्यात उंच आवाज), एक टेनर (त्याखालचा), दोन बॅरिटोन (मधला), एक बेस (सगळ्यात खालचा). सोळाव्या शतकातल्या मॅड्रिगलपासून (अनेक आवाजांत गायची युरोपीय गाणी) बीटल्सपर्यंत सगळं गातात. संगीतकार लिगेटीने ‘नॉन्सेन्स मॅड्रिगल्स’ खास यांच्यासाठी लिहिली, आणि ती फार अवघड आहेत. माझ्या मते त्यांची खरी परीक्षा तिथेच होते. बीटल्स ऐकायला गोड, पण ते नंतर ऐकलं तरी चालेल.