कोरलच्या तोंडात नक्की काय जातंय?

प्रश्न: ताई, माझ्या रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) टॉर्च, हॅमर आणि अकान हे कोरल आहेत. दुकानदार म्हणतो चांगला लाइट असला की पुरे, कोरलला वेगळं खायला घालायची गरज नाही. मित्र म्हणतो रोज घालायलाच पाहिजे. ऐकायचं कोणाचं?

उत्तर: दोघांचंही अर्धंच ऐका. हा वाद फार जुना आहे हो. १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर लो आयल्सला एक मोठी मोहीम गेली होती, त्यातले मॉरिस यंग यांचं ठाम म्हणणं होतं की कोरल हा पक्का मांसाहारी प्राणी आहे आणि त्याच्या अंगातल्या झूझँथेलीकडून, म्हणजे सूक्ष्म शेवाळाकडून, त्याला खायला असं काही मिळत नाही. मग १९५८ मध्ये मस्कॅटिन आणि हँड यांनी कोरलच्याच नात्यातल्या सी ॲनिमोनीवर किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं की झूझँथेलीने उजेडात बनवलेलं अन्न प्राण्याच्या पेशीत जातं. आता आपल्याला माहीत आहे की उजेडातून ऊर्जा भरपूर मिळते, पण अंग वाढायला नायट्रोजन, फॉस्फरस लागतो आणि त्याचा बराचसा भाग पाण्यातून आणि पकडलेल्या शिकारीतून येतो. म्हणजे तुमचे तिन्ही कोरल लाइटवर जगतील, पण खायला घातलं तर नवीन हेड्स (तोंडं) लवकर येतील आणि एखादा दुखावलेला असेल तर तो भरून येईल.

रोज मात्र नको, आठवड्यातून एकदा-दोनदा खूप झालं. लाइट बंद झाल्यावर तासाभराने अकानकडे बघा, कडेने बारीक पारदर्शक टेंटॅकल्स (स्पर्शिका) बाहेर आलेले दिसतील, तीच जेवायची वेळ. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टँकच्याच पाण्यात वितळवा, बारीक गाळणीतून ते गढूळ पाणी काढून टाका (थोडं ठेवा, लागणार आहे), मग स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि रिटर्न पंप बंद, वेव्हमेकर बंद किंवा अगदी हळू. आता ते ठेवलेलं गढूळ पाणी दोन-चार थेंब सोडा आणि दहा मिनिटं काही करू नका, वासाने पॉलिप (कोरलचे एकेक जीव) जागे होतात. त्यानंतर पिपेटने एक मायसिस अलगद टेंटॅकलवर ठेवा, जोरात फवारा मारला की तो मिटून बसतो. टेंटॅकल आत वळतो, मधली फट हळूहळू रुंदावते, मायसिसचं एक टोक आत जातं आणि मग बाकीचा, कधीकधी याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पेपरमिंट श्रिम्प येऊन तोंडातला घास ओढून नेते, कारण तिला तुमचं टाइमटेबल तुमच्यापेक्षा चांगलं पाठ असतं. म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर टोपीसारखा ठेवा आणि पिपेट बाटलीच्या तोंडातून आत घाला.

टॉर्च-हॅमरला तर अख्खा मायसिससुद्धा कधी मोठा होतो, अर्धा करून द्या. मोठा तुकडा गिळलेला दिसतो, आपण खूश होऊन झोपायला जातो आणि मध्यरात्री तो चिकट गोळा होऊन बाहेर पडतो आणि तिथेच सडतो. त्यामुळे सकाळी एकदा नजर टाका, गोळा दिसला तर ओढून काढा आणि पुढच्या वेळी तुकडा लहान करा. आणि अर्ध्या-पाऊण तासाने पंप परत चालू करायला विसरू नका, मोबाइलवर अलार्म लावूनच ठेवा.

प्रश्न: माझ्या फेदर डस्टरने (नळीत राहणाऱ्या किड्याने) आपला पंखाच गाळून टाकला! उपाशी असेल म्हणून रोज फायटोची (पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाची) बाटली ओततोय, पाणी हिरवं झालंय, नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.३ पीपीएमवर गेलंय, कोरल तपकिरी पडलेत. नळी फेकून देऊ का?

उत्तर: नळी फेकू नका! पंखा गाळणं म्हणजे मरणं नव्हे. जागा बदलली, पाणी बिघडलं, कोणी टोचलं किंवा उपासमार झाली की हे किडे पंखा टाकतात आणि आत जिवंत असले तर काही आठवड्यांत नवीन येतो. नवा पंखा सुरुवातीला लहानच असतो, त्याची काळजी नको. पण दर वेळी येणारा आधीपेक्षा छोटा असेल तर समजा पोट भरत नाहीये. नळी मऊ पडून वास यायला लागला तरच काढा.

आता त्या बाटलीचं. हे किडे पंख्यावरच्या बारीक केसांनी पाण्याचा प्रवाह ओढतात आणि येणारे कण चक्क आकाराप्रमाणे निवडतात, अगदी बारीक ते तोंडाकडे, मधल्या मापाचे नळी बांधायला, मोठे ते बाहेर. त्यामुळे मायसिस, ब्राइन श्रिम्प त्याच्या काही कामाचे नाहीत. फायटोतल्या नॅनोक्लोरोप्सिसच्या पेशी २-३ मायक्रॉनच्या, टेट्रासेल्मिसच्या साधारण १० मायक्रॉनच्या, हे चालतं. पण त्याला थोडं थोडं आणि सारखं लागतं, एकदम अर्धी बाटली ओतून तो काही दुप्पट खात नाही, उरलेलं मरतं आणि तेच तुमच्या नायट्रेट-फॉस्फेटमध्ये दिसतंय. आठवडाभर फायटो पूर्ण बंद, रोज थोडं थोडं पाणी बदला, स्किमर जरा ओला (पातळ फेस जास्त निघेल असा) चालवा. फॉस्फेट एका रात्रीत खाली आणायला जाऊ नका, कोरलला तो झटका जास्त महागात पडतो. मग परत सुरू कराल तेव्हा इतकंच घाला की दोन-तीन तासांत पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, रोज हलवा, आणि कुजका वास आला की सरळ टाकून द्या, जिवावर आलं तरी.

प्रश्न: माझ्याकडे उलटंच आहे. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य आणि ॲक्रोपोरा (फांद्यांचा कोरल) फिकट. कोरल फूड कोणतं घेऊ?

उत्तर: आधी काही घेऊ नका, जे काढताय ते कमी करा. फॉस्फेट रिमूव्हर चालू असेल तर बंद, कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवायला व्हिनेगरसारखं काही घालणं) असेल तर हळूहळू खाली आणा, आणि माशांना जरा मोकळ्या हाताने घाला, कारण माशांच्या शरीरातून निघणारा अमोनिया हेच ॲक्रोपोराचं एक चांगलं खाणं आहे. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं दिसलं की बरंचसं आपोआप सुधारतं. शून्यावर ठेवलेल्या टँकमध्ये डायनो (चिकट तपकिरी थर धरणारे सूक्ष्म जीव) यायची भीती असते ती वेगळीच. नंतर हौस म्हणून रोटिफर, कोपेपॉडची पिल्लं, ऑयस्टर एग्ज असलं अगदी बारीक खाणं द्या, ॲक्रोपोराचं तोंड बघाल तर त्यात मायसिस जाणारच नाही हे लक्षात येईल.

प्रश्न: सन कोरल, कार्नेशन कोरल आणि फ्लेम स्कॅलप (शिंपला), तिन्ही आवडलेत. घेऊ?

उत्तर: सन कोरल घ्या, पण प्रत्येक हेडला हाताने भरवायची तयारी असेल तरच, कारण त्याच्यात झूझँथेली नाहीतच. शेजारच्या हेडने खाल्लं म्हणून याचं पोट नीट भरेल असं धरून चालू नका. ठरावीक वेळी भरवलं की काही दिवसांनी तो त्या वेळेला स्वतःच उघडायला लागतो, दिवसासुद्धा. कार्नेशन नको. लाल समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर (म्हणजे कार्नेशनवरच) १९९५ मध्ये काम झालंय, त्यात हे कोरल मुख्यतः फायटोप्लँक्टनवर जगतात असं दिसलं, म्हणजे वाहत्या पाण्यात अखंड चालणारं जेवण, ते घरच्या टँकमध्ये जमवायचं तर वरच्या प्रश्नातलं हिरवं पाणी रोजचंच होईल. फ्लेम स्कॅलप तर अजिबातच नको, दिसायला झकास पण बहुतेक घरांत काही महिन्यांत उपासमारीने मरतो.

प्रश्न: घरी उबवलेली ब्राइन श्रिम्पची पिल्लं सकाळी निघतात, मी रात्री कोरलला घालते. चालतं ना?

उत्तर: उरलेली चालतील, पण खरा माल सकाळचाच. निघाल्यानिघाल्या त्यांच्या अंगात पिवळा बलक असतो, तो ती स्वतःच संपवत जातात आणि पहिल्या कात टाकण्यापर्यंत बाहेरचं काही खातही नाहीत. एकतर अंडी रात्री घाला म्हणजे साधारण २४ तासांनी पुढच्या रात्री ताजी मिळतील, नाहीतर सकाळची गाळून थोड्या खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत बलक हळू संपतो. टरफलं मात्र वेगळी काढा, ती कोरलला पचत नाहीत.