जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा हवाच का?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात २० बाय ३० फुटांचं, जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर बांधायला खर्च किती येईल आणि मिस्त्री म्हणतात तसा बाहेरून सिमेंटचा गिलावा करावाच लागेल का.

अजिबात करू नका. मिस्त्री लोकांशी माझा हा वाद जुना आहे. भिंत ओली होते ती वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची कड, आखूड ठेवल्यामुळे, आणि गिलाव्याने फक्त ते झाकलं जातं.

अशी एक भिंत यंदाच उघडली. वळचण ९ इंच. अंगणात दोनदा काँक्रीट टाकल्याने २ फुटांचं जोतं ८ इंचांवर आलेलं, त्यामुळे पागोळ्यांचे शिंतोडे थेट जांभ्याच्या चिऱ्यावर. ओल दिसली म्हणून बाहेरून गिलावा मारला. थापीच्या मुठीने ठोकलं तर कमरेपर्यंत ढब-ढब आवाज. पाटाएवढी खपली निघाली, मागे पिठासारखा पांढरा लोणा, म्हणजे ओलीने वर आलेला क्षार, आणि चिऱ्याची कड बोटाने खरवडावी इतकी मऊ. जांभा पाणी पितो, पण वारा लागला की तेवढंच सोडतो. सिमेंटच्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत शिरतं, बाहेर पडायला मात्र वाट राहत नाही. आता गिलावा काढून उन्हाळाभर भिंत उघडी ठेवणं, एवढाच इलाज.

तुमच्या घराला वळचण ३ फूट धरा, जोतं किमान २ फूट, छपराचा उतार ३० अंश. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण १४० लागतात. वळचणीसकट उतारावरचं क्षेत्र १०८० च्या आसपास जातं, म्हणजे तुटफूट धरून साडेसोळाशे आणा. कौलं ज्यांवर बसतात त्या रीपांचं अंतर कागदावरून ठरवू नका, आणलेलीच कौलं दोन ओळी मांडून घ्या. भट्टीगणिक माप थोडं बदलतं.

दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, मात्र नीट भरा: १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू. चुना आधी किमान १५ दिवस भिजत हवा. काम दसऱ्यानंतर लगेच काढा आणि आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. चुना सावकाश घट्ट होतो, मे महिन्यात भरलेल्या दर्जा पहिल्याच झडीत वाहून जातात.

खर्च खाणीपासूनच्या अंतरावर आहे, गाडीभाडं विचारल्याशिवाय आकडा सांगणं खोटं ठरेल. बाहेरचा गिलावा सोडलात की, भिंत १० फूट उंच धरली तर, दारं-खिडक्या वजा करण्याआधी १००० चौरस फुटांचं काम वाचतं, हे नक्की.

न्हाणीघराला आतून सिमेंट चालेल. जास्त पावसाच्या कणकुंबीकडे जागा असेल तर झडीच्या बाजूला ३ फूटही अपुरे, तिथे पडवी काढा. अथणी-गोकाककडच्या काळ्या मातीत बांधणार असाल तर पाया पूर्ण वेगळा लागतो, तिथे माझं वरचं गणित लावू नका.

चिऱ्यांची पहिली गाडी आली की दोन-चार चिरे रात्रभर पाण्यात बुडवा. सकाळी कडा झडल्या किंवा पांढऱ्या मातीचे गड्डे सुटले तर गाडी परत पाठवा.