स्टेरॉइड घ्यायच्या आधी बायॉप्सीचं नक्की करा

प्रश्न : आम्ही देवगडकडचे. बाबा ५८ वर्षांचे. चार महिने झाले जुलाब, पोटात कळ, संध्याकाळी कणकण. ७० किलोचे ६१ वर आले, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. कोल्हापूरला कोलोनोस्कोपी झाली, लहान आतड्याच्या शेवटाला अल्सर आहेत, बायॉप्सीत नुसती जुनी सूज म्हणून लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात क्रोन्स (आतड्याला सतत सूज राहणारा आजार) आहे, स्टेरॉइड सुरू करू. दुसरे म्हणतात लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, नाही ना बघा. आता आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, बाबांना स्टेरॉइड अजून दिलं नसेल तर जरा थांबवा, आणि हे त्या डॉक्टरांशी बोलूनच करा. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, पेशंटला आठवडाभरात बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि मग पुन्हा बायॉप्सीसाठी तुकडा काढला तर त्यात काहीच धड दिसत नाही, निदान महिनोन्महिने लांबतं. आतड्याचा टीबी असेल तर तोही स्टेरॉइडने भडकतो, आणि आपल्याकडे टीबी कायम डोक्यात ठेवावाच लागतो.

ताप, रात्री गंजी भिजवणारा घाम, वजन उतरणं, हे तिन्ही आजारांत होतं हो, त्यावरून ओळखता येत नाही. स्टूलमधलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रोटीन, तेसुद्धा तिन्हीत वाढू शकतं. पण सहा महिन्यांत १० टक्क्यांवर वजन गेलं की मी गप्प बसत नाही, आणि बाबांचं तर चारच महिन्यांत त्याहून जास्त गेलंय.

दुर्बिणीतून काढलेला तुकडा वरच्या अस्तराचा असतो, लिम्फोमा कधीकधी खाली दडून बसतो. म्हणून एका रिपोर्टात नाही आलं म्हणजे नाही असं नसतं. आधी कोल्हापूरच्या लॅबमधून बायॉप्सीचे तुकडे जपून ठेवलेले जुने मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते तुमचेच आहेत, त्यावर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून आयएचसी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी, करून घेता येते, सीडी २० आणि सीडी ३ हे पेशींवरचे मार्कर त्यात बघतात. पुन्हा कोलोनोस्कोपी ठरली तर जास्त आणि खोल तुकडे घ्यायला सांगा, एक तुकडा सीबीनॅटसाठी (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) सलाईनमध्ये वेगळा ठेवायला लावा, फॉर्मॅलिनमध्ये नको. सीटीत आतड्याची भिंत जाड पण पोकळी आवळण्याऐवजी उलट फुगलेली आणि मोठ्या गाठी असल्या तर लिम्फोमाचा संशय वाढतो.

तोवर बाबांना पेज, आटवल, जे पोटात टिकेल ते द्या. शौच काळी झाली किंवा पोट एकदम लाकडासारखं कडक होऊन दुखलं तर रिपोर्टची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी काढा.