जिम राहू द्या, रात्रीची पाळी करा

प्रश्न : मी सिडनीत नोकरी करतो. मित्रांच्या चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर यंदाच्या सिडनी-होबार्ट शर्यतीसाठी माझी वर्णी लागली आहे. आजवर फक्त बंदरातल्या संध्याकाळच्या शर्यती केल्या. रोज जिमला जातो. आणखी काय तयारी करू? मला बोट लागते, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.
– एक वाचक, सिडनी

उत्तर : आधी ते कप्तानाला सांगून टाका, आजच. बोट लागणारे प्रत्येक चमूत असतात. कोण ते कळलं की तो पाळ्या त्या हिशेबाने लावतो. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. सरावात घेऊन बघाच, काहींना तिने अशी गुंगी येते की सुकाणू हाती देण्याची सोय राहत नाही. मी खिशात आलेपाकही ठेवतो. गुण येतो की नाही देव जाणे, तोंडाला चव तरी राहते.

दोर ओढायला ताकद लागतेच. पण टास्मानिया बेटावरचं होबार्ट 628 सागरी मैलांवर आहे, तुमच्या बोटीला तीन-चार दिवस सहज लागतील. माणूस खचतो तो झोपेवाचून. चार तास काम, चार तास आराम. आणि आराम म्हणजे ओल्या कपड्यांत, दुसऱ्याने नुकत्याच सोडलेल्या फळीवर, तेही बोट कलंडलेली असताना. म्हणून कप्तानाच्या मागे लागा आणि अख्ख्या चमूने दोन-तीन रात्री बाहेर समुद्रात काढा. अंधारात शीड आखडून बघा. वादळी शीड खरोखर चढवून बघा, नाहीतर ते तपासणीला दाखवून पुन्हा पिशवीत जातं. सुरक्षा-पट्ट्याचा हुक हातमोजे घालून, न बघता लावता आला पाहिजे.

वाटेत ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधली बासची सामुद्रधुनी लागते, ती उथळ आहे. दक्षिणेकडे वाहणाऱ्या प्रवाहावर समोरून दक्षिणेचा वारा आला की लाटा उभ्याच्या उभ्या अंगावर येतात. 1998 च्या शर्यतीत, वादळात सहा जण गेले, पाच बोटी बुडाल्या. आता तिथे शिरण्याआधी, ग्रीन केप या भूशिरापाशी, बोट आणि माणसं पुढे जाण्याजोगी आहेत असं रेडिओवरून कळवावं लागतं. हे कळवतो कप्तान, पण तुमच्याही जिवावर. तेव्हा ‘मी पार गळालोय’ म्हणायची लाज वाटेल असा चमू असेल, तर बोट कितीही भारी असो, मी त्यात जाणार नाही.

आणि समुद्री सुरक्षेच्या कोर्सला आत्ताच नाव घाला. ठरावीक लोकांकडे ते प्रमाणपत्र लागतंच. भिजलेल्या अंगाने तराफ्यावर चढणं किती अवघड, ते तिथल्या पोहण्याच्या तलावात कळतं.