पुण्यात राहून इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधता येईल का?

तुम्ही लिहिलंय की स्टॅक्स या जपानी कंपनीचे जुने लॅम्डा प्रो हेडफोन हाती आलेत, सोबत अ‍ॅम्प्लिफायर नाही, सोल्डरिंग चांगलं येतं, पण हाय व्होल्टेजला कधी हात लावलेला नाही. बांधता येईल. मी बांधलाय, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, आणि रोज रात्री त्यावर ऐकते. पण सगळे ज्या क्रमाने सुरुवात करतात तो उलटा करा. आधी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या) आणि सर्किट शोधू नका. आधी पॉवर सप्लाय बांधा, आणि तो डोळे झाकून विझवता येईपर्यंत व्हॉल्व्हचा खोका उघडूसुद्धा नका. या कामातला संगीताचा भाग छोटा आहे. मोठा भाग आहे तो वीज साठवण्याचा आणि ती सुखरूप काढून टाकण्याचा.

हा हेडफोन मागतो काय, ते आधी सांगते. साध्या हेडफोनमध्ये कॉइल आणि चुंबक असतं. इथे दोन जाळीदार पत्र्यांच्या मध्ये दोन-एक मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. पडद्याला कायमचं डीसी व्होल्टेज दिलेलं असतं, ते बायस, आणि दोन्ही जाळ्यांवर गाणं एकमेकांच्या उलट फेजमध्ये येतं. एक जाळी पडद्याला ओढते तेव्हा दुसरी ढकलते, आणि जोर पडद्याच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखा लागतो. स्टॅक्सने असा पहिला हेडफोन १९६० मध्ये विकायला काढला आणि मूळ रचना आजही तीच आहे.

विजेच्या भाषेत हा हेडफोन म्हणजे एक छोटा कपॅसिटर. केबल धरून साधारण ११० पिकोफॅरड. २० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ७२ किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे दोन जाळ्यांमध्ये ३०० व्होल्ट दिले तरी करंट लागतो जेमतेम ४ मिलिअँपिअर. आवाजाचं म्हणाल तर १०० व्होल्टला सुमारे १०० डेसिबल मिळतात. व्होल्टेज भरपूर, करंट नाममात्र: व्हॉल्व्हचा जन्मच अशा कामासाठी आहे. स्पीकरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सगळ्यात महाग आणि सगळ्यात त्रासदायक भाग असतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. इथे तो लागतच नाही, व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे सिग्नल बाहेर येतो ते टोक, थेट जाळीला जोडायची. मला या कामाची ओढ लागली ती यामुळेच.

आता तुमच्या हेडफोनचा प्लग बघा. पाच पिना असतील तर तो प्रो, बायस ५८० व्होल्ट. सहा असतील तर जुना नॉर्मल, बायस २३० व्होल्ट. पाच पिनांचा प्लग सहाच्या सॉकेटमध्ये जातो, उलट जात नाही, आणि तसं मुद्दाम केलेलं आहे. नॉर्मलमध्ये पडदा आणि जाळी यांतलं अंतर कमी असतं, ५८० व्होल्टला आत ठिणगी पडून पडदा जाऊ शकतो. विकणाऱ्याने प्रो सांगितलं म्हणून विसंबू नका, पिना मोजा.

माझी मांडणी साधी आहे. प्रत्येक चॅनेलला ईसीसी८३ आणि ६एसएन७ या प्रकारचा एकेक व्हॉल्व्ह, दोन्ही डिफरेन्शियल जोडीने, म्हणजे आतले दोन अर्धे एकमेकांच्या उलट फेजमध्ये चालतील असे. पहिल्यात गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साधारण ६०, दुसऱ्यात १७, मिळून हजाराच्या जवळ. सप्लाय अधिक ३५० आणि उणे ३५० व्होल्ट. ६एसएन७ च्या प्रत्येक बाजूतून ६ मिलिअँपिअर वाहतात, प्लेटला ५६ किलोओहमचे रेझिस्टर. एकेका रेझिस्टरमध्ये दोन वॉट जळतात, म्हणून १० वॉटचे घ्या आणि बोर्डपासून उचलून बसवा. खाली उणे सप्लाय असल्यामुळे प्लेट शून्य व्होल्टच्या आसपास बसते आणि हेडफोनच्या वाटेत कपॅसिटर लागत नाही. कॅथोडखाली (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात ते टोक) ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट सोर्स ठेवा, त्याने दोन्ही बाजू समतोल राहतात. ६एसएन७ घेताना नावापुढे जीटीबी लिहिलंय ना ते बघून घ्या. साध्या जीटीची प्लेटची मर्यादा ३०० व्होल्ट आहे, जीटीबीची ४५०.

या मांडणीत एक जागा अशी आहे जिथे मी फसले. ६एसएन७ चा कॅथोड उणे ३३८ व्होल्टवर बसतो. मी रेडिओच्या सवयीने सगळ्यांचे हीटर, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारा, ट्रान्सफॉर्मरच्या एकाच वाइंडिंगवर (गुंडाळीवर) घेतले आणि ते ग्राउंडला जोडले. हीटर शून्यावर, कॅथोड उणे ३३८ वर, आणि मधलं इन्सुलेशन सोसतं २०० व्होल्ट. दोन दिवस हम, म्हणजे घुमणारा आवाज, येत राहिला. मी ग्राउंडच्या वायरी हलवत बसले, तिसऱ्या दिवशी एक व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला. इलाज सोपा होता: ६एसएन७ साठी हीटरचं वेगळं वाइंडिंग, आणि ते उणे ३५० च्या सप्लायला जोडलेलं. ट्रान्सफॉर्मर नव्याने बांधून घ्यावा लागला. तुम्ही पहिल्यांदाच दोन वाइंडिंग सांगा.

ट्रान्सफॉर्मर बाजारात तयार मिळणार नाही, पण पुण्यात वाइंडिंग करून देणारे अजून आहेत. त्यांना कागदावर लिहून द्या: २५०-०-२५० व्होल्ट १०० मिलिअँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअरची दोन स्वतंत्र वाइंडिंग, आणि प्रत्येक वाइंडिंगच्या मध्ये चांगला इन्सुलेशन कागद. हीटरचं वाइंडिंग ३५० व्होल्टवर तरंगणार आहे हे तोंडाने नीट समजावून सांगा. रोज बॅटरी चार्जरचे ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या माणसाला हे आपणहून सुचायचं कारण नाही. रेझिस्टर, डायोड, टॅगस्ट्रिप, सिरॅमिक सॉकेट बुधवार पेठेत आणि तपकीर गल्लीत फिरलात की मिळतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलात तर जुन्या उपकरणांची जाड पत्र्याची पेटी मिळते, तीच घ्या. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बंगळूरला रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, ते न वापरलेले अजूनही कुठे कुठे निघतात. ६एसएन७ मी रशियन बनावटीचे मागवले. पाच पिनांचा सॉकेट मात्र बाहेरूनच मागवावा लागेल, तिथे जुगाड करू नका.

आता पॉवर सप्लाय, ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसले. मला हे शनिवार पेठेतल्या एका काकांनी शिकवलं. त्यांनी हयातभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. पहिल्या दिवशी त्यांनी सोल्डरिंग गन हातात दिलीच नाही. म्हणाले, "आधी डावा हात पाठीमागे ठेवायला शीक." चालू सर्किटमध्ये एकाच हाताने काम करायचं. करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर गेला तर वाटेत हृदय असतं. आजही मीटर लावताना काळी पिन मगरीच्या चिमट्याने चासीला (धातूच्या पेटीला) लावते, लाल पिन उजव्या हातात, आणि डावा हात पाठीमागे.

१०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३५० व्होल्टला ६ ज्यूल साठतात, आणि प्लग काढला तरी ते तिथेच असतात. म्हणून प्रत्येक कपॅसिटरवर कायमचा ब्लीडर बसवा, म्हणजे साठलेली वीज हळूहळू काढून टाकणारा रेझिस्टर. २२० किलोओहम, दोन वॉट. त्यानेही ५० व्होल्टच्या खाली यायला पाऊण मिनिट लागतं, तेव्हा पूर्ण मिनिट मोजा, मग मीटर लावून खात्री करा, मग हात घाला. ब्लीडरचा टाका सुटलेला असू शकतो, म्हणून मीटरशिवाय कधीच नाही. घरात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीकडचा (व्होल्टेज बाहेर देणाऱ्या गुंडाळीकडचा) धक्का ईएलसीबीला दिसतच नाही. पेटीला तीन पिनी प्लगची खरी अर्थिंग द्या, आणि जुन्या वाड्यात राहत असाल तर त्या अर्थिंगला खरंच अर्थ आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावा, म्हणजे मेनच्या वाटेत साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूज जायच्या आत कळतं. एकदा उजळून मंद झाला तर ठीक. व्हॉल्व्ह न लावता हे पाच-सहा दिवस करा: चालू, मोजणी, बंद, मिनिटभर थांबा, मोजणी. कंटाळा येईल. येऊ द्या, हात तोच शिकतो.

मी हीटर आणि हाय व्होल्टेज यांना वेगवेगळे स्विच ठेवलेत, आधी हीटर, मिनिटभराने दुसरा. तरीही दोन टप्प्यांमधले कपॅसिटर १००० व्होल्टचेच वापरा. व्हॉल्व्ह थंड असताना पहिल्या टप्प्याची प्लेट पूर्ण अधिक ३५० वर असते आणि पुढच्या टप्प्याची ग्रिड (सिग्नल जिथे शिरतो ते टोक) उणे ३५० वर, म्हणजे कपॅसिटरवर ७००. कधीतरी घाईत चुकीचा स्विच आधी दाबला जाणारच.

बायससाठी त्याच सेकंडरीवरून १एन४००७ डायोड आणि कपॅसिटरांचा मल्टिप्लायर (व्होल्टेज पटीने वाढवणारी जोडणी), शेवटी ४.७ मेगाओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर तुमच्या कानांचा रखवालदार आहे: पूर्ण शॉर्ट झाला तरी करंट ०.१२ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. जाळ्यांच्या दोन्ही तारांतही ५-५ किलोओहम घाला. आता नीट वाचा. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा १० मेगाओहम असतो. ४.७ मेगाओहमच्या पुढे सॉकेटवर मोजलंत तर ५८० ऐवजी ३९५ च्या आसपास आकडा दिसेल. बायस बरोबर असतो, मीटर त्याला खाली ओढतं. मला हे माहीत नव्हतं. मी मल्टिप्लायर वाढवत नेला आणि मीटरवर ५८० आणले, म्हणजे खरे झाले होते ८५०. हेडफोन जोडलेला नव्हता म्हणून वाचला. तेव्हा मोजणी रेझिस्टरच्या अलीकडे करा.

आणि पाऊस. माझा अ‍ॅम्प्लिफायर मार्चमध्ये पुरा झाला, जूनअखेर उत्तम चालला. जुलैच्या झडीत डावी बाजू दर रात्री थोडी थोडी बारीक होऊ लागली. व्हॉल्व्हची अदलाबदल केली, फरक नाही. हेडफोन दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावला, ठणठणीत. दोष निघाला बायसच्या बोर्डवर: मी स्वस्तातला तपकिरी बोर्ड वापरला होता, तो ओल धरतो, आणि टाक्यांच्या मधला फ्लक्स पुसलेला नव्हता. ४.७ मेगाओहममधून येणाऱ्या विजेला इतकी गळतीसुद्धा पुष्कळ होते. फायबर ग्लासचा बोर्ड घेतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतला, पॅडमध्ये अंतर ठेवलं. त्यानंतरचे सगळे पावसाळे नीट गेले. हेडफोन मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

हे सगळं वाचून मन कच्चं झालं तर दुसरी वाट आहे. स्टॅक्सचेच एसआरडी मालिकेतले जुने अडॅप्टर मिळतात: आत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि बायस, बाहेरून साधा स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा. तुम्हाला प्रो बायसचा लागेल. यात कमीपणा काहीच नाही. उलट मी तर म्हणेन तो आधी घ्या, हेडफोन ठीक आहे का ते कळेल आणि बांधायची घाई उरणार नाही. या कामात मला घाईइतकी भीती कशाचीच वाटत नाही.

तरी बांधा, असंच सांगेन. पहिल्या रात्री मी फक्त तानपुरा लावला होता, गाणं नाही. जवारीवर (तार टेकते त्या घोडीवर) घासून सुटणारी तार, तिच्यातून उलगडत जाणारा गंधार, आणि पुढची तार छेडायच्या आधीचा बोटाचा स्पर्श. लहानपणी मिरजेच्या तानपुऱ्याला कान लावून बसायचे तेव्हा जे ऐकू यायचं, ते तीस वर्षांनी पुन्हा ऐकू आलं.

हेडफोन पहिल्यांदा चढवताना कानावर दाबला गेला की आत पडदा कुरकुरल्यासारखा आवाज करेल. आतली हवा दबून पडदा जाळीकडे सरकतो, बिघाड नाही. हात सैल करा, थांबेल.